खांद्याचं दुखणं

"कोपर घट्ट धर, हलू देऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या, आणि सुनेने दोन्ही हातांनी गवंड्याचं कोपर बाकाच्या कडेवर दाबून धरलं.

गवंडी परांचीवरून पडला होता. मनगट सुजून दुप्पट झालं होतं आणि तो त्याच्याकडे न बघता छताकडे बघत होता. सासूबाईंनी तेलाने माखलेला अंगठा सुजेवरून एकदा हलकेच फिरवला, डोळे मिटले आणि विचारलं, "बायकोचं नाव काय रे तुझ्या?"

गवंड्याने तोंड उघडलं, पण नावाऐवजी किंकाळी बाहेर पडली. मनगट बसलं होतं. सासूबाई वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारत आल्या होत्या आणि या खोलीत अजून कुणाच्याही बायकोचं नाव पुरतं ऐकू आलं नव्हतं. बायका आल्या की त्या नवऱ्याचं विचारत, बिनलग्नाच्यांना शेजाऱ्याचं. माणूस उत्तर शोधायला लागला की अंग सैल सोडतो आणि त्यांचं तेवढ्यात भागायचं.

"झालं, झालं. एवढा बाप्या माणूस, आणि ओरडतोस कसा! पट्टी आण गं."

सून पट्टी आणायला वळली आणि क्षणभर कपाटाचं दार धरून उभी राहिली. पोटात खाली, डाव्या अंगाला, कुणी चिमटा काढून सोडून द्यावा तसं झालं होतं. चिमटा गेला. जोर लावला म्हणून असेल, असं तिने स्वतःला समजावलं. जोर लावू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं खरं. पण कोपर धरायला ती नाही तर कोण होतं? आणि धरत नाही म्हणाली असती, तर का ते सांगावं लागलं असतं.

तिला दिवस गेले होते, हे तिला आणि नवऱ्यालाच ठाऊक होतं. गर्भ नेमका कुठे रुजलाय, हे मात्र अजून डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नव्हतं.

घर हाडवैद्यांचं. आधी सासूबाईंचे सासरे हाडं बसवत, मग त्यांचा मुलगा, आणि तो गेल्यावर सासूबाई. नातवाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, तेवढं रीतसर शिक्षण घेतलं, फिजिओथेरपिस्ट झाला आणि एका फुटबॉल संघाबरोबर गावोगाव फिरू लागला. पुढच्या खोलीत लांब बाक, तेलाच्या बाटल्या, लाकडी पट्ट्या आणि शेकायचा लाल दिवा. या घराला पहिल्यापासून एक वळण होतं: काहीही दुखो, आधी हात. डोकं दुखलं तरी हात, ताप आला तरी मानेवर हात. डॉक्टरकडे जायचं ते हात हरल्यावर, आणि हात हरले असं म्हणायची पाळी या घरावर फारशी आलीच नव्हती.

सून चष्म्याच्या दुकानात काम करायची. दुपारी ती अजूनही तिथेच असे, गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे भिंगं बदलत "आता बरं दिसतंय, की आधी?" असं विचारत. सकाळ मात्र सासूबाईंच्या हाताखाली जाई. एकाने ओढायचं तर दुसऱ्याने धरायला हवं, त्याशिवाय सांधा बसत नाही. लग्न होऊन आल्यावर महिन्याभरातच धरायचं काम तिच्याकडे आलं आणि तिला ते आवडूही लागलं होतं.

मग तो दिवस आला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सकाळपासून तिच्या खांद्याचं टोक ठणकत होतं. पोटातही दुखत होतं. पण पाळी लांबलीय, त्याचं असेल, म्हणून तिने ते मनातच ठेवलं. सासूसमोर आणि तीही पुढच्या खोलीत, पोटाखालचं दुखणं कोण बोलतं? खांद्याचं बोलायला हरकत नव्हती. सासूबाईंनी तिला बाकावर पालथं झोपवलं आणि चोळायला घेतलं. दुपारभर चोळलं. ती मधे दोनदा "आई, पुरे" म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "पडून राहा." पाठीवर वळ उठले. संध्याकाळी चहा ठेवायला म्हणून ती उठली आणि ओट्यापाशीच कोसळली.

पोट रक्ताने भरलं होतं. उजव्या गर्भनळीत अडकलेला गर्भ नळी फोडून बाहेर आला होता, आणि आपल्याला दिवस गेले होते हे तिला दवाखान्यातच कळलं. नळी काढून टाकावी लागली. नर्सने तिच्या पाठीवरचे वळ पाहिले आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर तो अजून विसरला नव्हता.

"पोटात रक्त साचलं की दुखतं खांद्यात," डॉक्टरीणबाईंनी नंतर दोघांना समजावलं होतं. "खांद्याला काहीही झालेलं नसतं. सकाळी आला असता तर कदाचित नळी वाचली असती."

बाहेर आल्यावर नवऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. "हे आईला कळता कामा नये. तिचे हात गळून पडतील. तिच्याजवळ दुसरं आहे काय?"

सुनेलाही ते पटलं. सासूबाईंनी काय मुद्दाम केलं होतं? बिचाऱ्या दुपारभर घाम गाळत होत्या. चूक झाली ती मायेपोटी, आणि मायेचा जाब कुणी विचारतं का? म्हणून दोघांनी ते पोटात घातलं. सासूबाई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या, "पोटाचं ते नशीब हो. खांदा तेवढा मी मोकळा करून दिला होता." सून जवळच उभी असायची, कुणाचं तरी कोपर नाहीतर टाच धरून. ते ऐकताना तिला रडू फुटायचं आणि ती ते गिळून टाकायची.

पुढचं काय, हा प्रश्न काही महिन्यांनी आला. डॉक्टरीणबाईंनी रंगीत औषध सोडून उरलेल्या नळीचा फोटो काढला आणि उजेडावर धरला.

"डावी उघडी आहे. वाट जरा चिंचोळी आहे, पण आहे. आता तुमच्यापुढे दोन रस्ते. एक म्हणजे निसर्गावर सोडा. एका नळीवर पुष्कळ जणींना मूल होतं. पण एकदा नळीत राहिलं की पुन्हा नळीत राहायचा धोका इतरांपेक्षा जास्त, त्यामुळे पाळी चुकल्याबरोबर माझ्याकडे यायचं. दुसरा रस्ता आयव्हीएफचा. बीज बाहेर फळवून थेट गर्भाशयात सोडायचं. नळीशी फारसा संबंध येत नाही. तिथेही धोका अगदी नाहीच, असं मी म्हणणार नाही, आणि पहिल्या खेपेलाच होईल अशी हमीही कुणी देणार नाही."

"ज्यात धोका कमी, ते करू," नवरा लगेच म्हणाला.

"मला आधी घरच्या घरी बघायचंय," ती म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंना हसू आलं. तिलाही आलं. नवऱ्याला आलं नाही.

घरी जाताना गाडीत तो म्हणाला, "त्या नळीचा काय भरवसा?"

"तिने काय घोडं मारलंय तुझं? अजून तिने काही केलेलं नाही."

"करेपर्यंत थांबायचं का?" थोड्या वेळाने तो पुढे म्हणाला, "मला मूल नको असं नाही. पण मला आधी तू हवी आहेस."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. दुकानात ती दिवसभर माणसांना हे बरं की ते बरं विचारायची आणि माणसं बिनदिक्कत सांगून मोकळी व्हायची. स्वतःवर आलं तेव्हा कळलं, की दोन्ही भिंगांतून धूसरच दिसतं आणि तरी एकावर बोट ठेवावं लागतं. तिने बोट ठेवलं होतं. या शरीराने एकदा तिला दगा दिला होता. दुसऱ्यांदा ते तिच्या बाजूने उभं राहील, असं तिला मनापासून वाटत होतं. वाटण्याला कारण लागत नाही. एक वर्ष वाट बघायची आणि नाहीच झालं तर आयव्हीएफ, असं दोघांचं ठरलं.

वर्ष सरायच्या आतच पाळी चुकली. त्या दिवशी दोघं मोरीच्या दारात उभं राहून लहान मुलांसारखे हसले होते. त्यानंतर हसण्यासारखं काही झालं नाही. रक्तातला आकडा वाढत होता, पण रेंगाळत. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं दिसलं. डॉक्टरीणबाई पडद्याकडे नको तितका वेळ बघत राहिल्या.

"फार लवकर आहे म्हणूनही दिसत नसेल," त्या म्हणाल्या. "परवा पुन्हा बघू. तोवर एकटं राहायचं नाही. पोटात दुखलं, चक्कर आली, खांदा दुखला, की फोनबिन करत बसू नका. सरळ निघून या."

आणि नेमका त्याच वेळी नवऱ्याच्या संघाचा बाहेरगावी सामना आला. तो जाणार नव्हताच. तिनेच त्याला पिटाळलं. संध्याकाळपर्यंत तर परत येणार होता.

"मग आईला सांगून ठेवू," तो सकाळी बूट घालताना म्हणाला.

"काय सांगणार? दिवस गेलेत म्हटलं की गल्लीभर होईल. आणि उद्या नाही म्हणून सांगायची पाळी आली, तर तेही गल्लीभर होईल."

"निदान एवढं तरी, की खांदा दुखला तर हात लावू नको."

"का, म्हणून विचारलं तर?"

तो बुटाची नाडी आवळत राहिला. एकटं राहायचं नाही, एवढं मात्र दोघांनी पाळलं. घरात सासूबाई होत्या, आणि दोघांनी मिळून अंधारात ठेवलेलं माणूस घरात तेवढं एकच होतं.

गवंडी हात गळ्यात अडकवून गेला. त्याच्यामागे एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या, पायरी चुकून घोटा मुरगळलेल्या. त्या बाकावर पाय पसरून बसल्या आणि सासूबाईंनी घोटा मांडीवर घेतला.

"सूनबाईंचा चेहरा का उतरलाय?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. त्यांना वर्गातलं कोण आजारी आहे हे दारातूनच कळत असणार.

"तिचं हे असंच. खाते चिमणीएवढं."

"काही विशेष?"

"असेल तेव्हा असेल," सासूबाई पट्टी गुंडाळत म्हणाल्या. "पोटाचं माझ्या हातात नाही हो. मागच्या वेळी..."

पुढचं वाक्य सुनेला पाठ होतं. ते ऐकायला नको म्हणून ती तेल गरम करायच्या निमित्ताने आत गेली. शेगडी पेटवली, वाटी हातात घेतली आणि पुन्हा चिमटा आला. या वेळी तो सुटला नाही. तिने वाटी खाली ठेवली, ओट्याची कड धरली आणि श्वास घेतला. श्वास अर्ध्यावरच अडला, कारण श्वासाबरोबर उजव्या खांद्याच्या टोकाशी कळ उमटली. सुईएवढी, पण ओळखीची.

ती घाबरली. पहिल्या वेळी तिला काही माहीत नव्हतं म्हणून भीतीही नव्हती. या वेळी सगळं माहीत होतं. आत काय चाललं असेल ते तिला जसंच्या तसं दिसत होतं. तिने नवऱ्याला फोन लावला. वाजत राहिला. सामना रंगात आला असेल आणि तो कुणाच्या तरी गुडघ्यावर बर्फ धरून बसला असेल. तिने शेगडीचा खटका बंद केला, पर्स खांद्याला लावली, काढली, दुसऱ्या खांद्याला लावली आणि बाहेरच्या खोलीत आली.

"आई, मी जरा दुकानात जाऊन येते."

सासूबाईंनी मान वर केली. "आत्ता? घामाने डबडबलीस ती. काय दुखतंय?"

"काही नाही."

पण तिचा हात खांद्यावर होता. तो कधी गेला ते तिला कळलंच नव्हतं.

"खांदा?"

तिने हात खाली घेतला. सासूबाईंनी मुख्याध्यापिकांचा पाय मांडीवरून अलगद खाली ठेवला आणि त्या उठल्या.

"बस इथे."

"नको आई. मला जाऊ दे."

"बस म्हणते ना."

तिच्या अंगात भांडायचं बळ नव्हतं. ती बाकाच्या टोकावर टेकली आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले. आता अंगठा रुतेल. मग पालथं झोप म्हणतील. मग दुपार होईल. 'हात लावू नका' हे शब्द तिच्या ओठापर्यंत आले; ते या घरात आजवर कुणी उच्चारले नव्हते आणि तिच्याच्यानेही उच्चारवेनात. तेलकट, ऊबदार बोटं खांद्यावर टेकली, हाडाच्या कडेने एकदा फिरली आणि थांबली.

मग उचलली गेली.

"यात काही नाही," सासूबाई म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता, की तो त्यांचा वाटला नाही. "चल. ऊठ."

"कुठे?"

"दवाखान्यात. बाई, पट्टीचं टोक तेवढं धरून ठेवा, सोडू नका," एवढं मुख्याध्यापिकांना सांगून त्यांनी सुनेच्या कमरेला हात घातला आणि तिला रस्त्यावर आणलं. त्यांच्या स्वतःच्या पायांत चपला घालायच्या राहिल्या होत्या. समोरून येणाऱ्या टॅक्सीच्या आडवं जाऊन त्यांनी ती थांबवली. आतल्या गिऱ्हाइकाला काय सांगितलं कोण जाणे. तो निमूट उतरला.

"मोठ्या दवाखान्यात ने. खड्डे चुकव, पण थांबू नकोस."

टॅक्सी निघाली. सून दारावर डोकं टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"आई, मला..."

"दिवस गेलेत. पाण्याची बादली उचलायची सोडलीस, तेव्हाच कळलं."

"आम्ही सांगणार होतो."

"राहू दे आता. बोलू नकोस."

सासूबाईंचे हात मांडीवर उताणे पडले होते. तेल वाळत आलं होतं. सुनेला एकदम भरून आलं. किती उगाच लपवलं आपण यांच्यापासून! नवरा म्हणत होता ते बरोबर होतं, आधीच सांगायला हवं होतं. दोघांनी मिळून या बाईला आंधळं ठरवलं होतं आणि तिने अनवाणी रस्त्यावर येऊन टॅक्सी अडवली होती. पोटात कळ आली तशी तिने सासूबाईंचा हात ओढून घेतला आणि घट्ट धरला. सासूबाईंनी तो काढून घेतला नाही, दाबलाही नाही.

दवाखान्यात सगळं भराभर झालं. सुई टोचली, रक्त नेलं, पोटावर थंडगार जेल पसरलं. डॉक्टरीणबाईंना या वेळी पडद्याकडे फार वेळ बघावं लागलं नाही.

"डाव्या नळीतच आहे," त्या म्हणाल्या. "थोडं रक्त झिरपतंय, म्हणून खांदा दुखतोय. पण नळी अजून फुटलेली नाही. अगदी वेळेवर आलात. खांद्याचं कुणाच्या लक्षात आलं, तुमच्या?"

"यांच्या," सुनेने दाराशी उभ्या असलेल्या सासूबाईंकडे बोट दाखवलं. आवाजात अभिमान होता, आणि तिने तो लपवला नाही. "हात लावल्याबरोबर कळलं त्यांना."

"वा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या तयारीला लागल्या.

सुनेचं बोट हळूहळू खाली आलं. हात लावल्याबरोबर. आपलेच शब्द तिला दुसऱ्या कुणीतरी म्हटल्यासारखे ऐकू आले. बोटं एकदा फिरली होती. एकदाच. श्वास घेऊन सोडायला लागतो, तेवढाही वेळ लागला नव्हता. मग तेव्हा? तेव्हा तर हेच हात होते, हाच खांदा होता. मोकळा केला, मोकळा केला म्हणून ज्याची वाहवा झाली, तो खांदा मुळात मोकळाच होता, आणि ते पहिल्या स्पर्शात कळण्यासारखं होतं. तिने दाराकडे पाहिलं. सासूबाई भिंतीवरच्या घड्याळाखाली उभ्या होत्या आणि स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघत होत्या.

नवऱ्याचा फोन आला तो तेवढ्यात. डॉक्टरीणबाईंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि दोघांनाही एकदमच सांगितलं. शस्त्रक्रिया आत्ताच करावी लागेल. नळीला चीर देऊन गर्भ तेवढा काढायचा आणि नळी ठेवायची, असा प्रयत्न करता येईल. ठेवली तर पुढे काही आठवडे रक्त तपासत राहावं लागेल, कधीकधी थोडं आत राहून जातं. आणि पुढच्या वेळी पुन्हा हीच टांगती तलवार. काढून टाकली तर ही भीती जवळजवळ संपेल, पण मग आयव्हीएफ हाच एक रस्ता. आत गेल्यावर रक्त थांबेना, तर मात्र त्या कुणालाही विचारणार नव्हत्या.

"काढा," फोनमधून नवरा म्हणाला. मागे मैदानावरचा गलका ऐकू येत होता. "काढून टाका, डॉक्टर. मी निघालोय. अगं, ऐकतेस ना? काढू दे."

"ठेवा," ती म्हणाली.

"वेड लागलंय का तुला?"

"शरीर माझं आहे ना? मग ठेवा. थांबवता आलं तर ठेवा." तिला एकदम रडू फुटलं. हा जीव तर गेलाच होता. त्याच्याबद्दल कुणी काही विचारतही नव्हतं, कारण विचारण्यासारखं उरलं नव्हतं. पुढच्याला यायला वाट तरी राहू दे, एवढंच तिला म्हणायचं होतं, आणि ते तिला म्हणता आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "बघते. माझ्याकडून होईल ते सगळं करते."

तिला ढकलगाडीवर घेतलं आणि शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर आणून उभं केलं. आतली तयारी व्हायची होती. नर्स आत गेली. लांबलचक, पांढऱ्या उजेडाच्या त्या वाटेत दोघीच उरल्या. सासूबाई गाडीची दांडी धरून उभ्या होत्या.

"आई."

"बोलू नकोस म्हटलं ना."

"एवढ्यात कळलं तुम्हाला?"

सासूबाईंनी दांडीवरचा हात काढला आणि पुन्हा ठेवला.

"मागच्या वेळी?" तिने विचारलं.

आत भांड्यांचा आवाज झाला. कुणीतरी नळ सोडला, बंद केला. सासूबाईंना उत्तर टाळता आलं असतं. नर्स आता येईलच, एवढं म्हणणंही पुरलं असतं. पण त्या टाळणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"मागच्या वेळीही एवढ्यातच," त्या म्हणाल्या.

"मग?"

"नवी होतीस. सकाळी चादरी धुवायला सांगितल्या, तर खांदा दुखतोय म्हणालीस. हात लावून बघितलं तर खांदा लख्ख." त्या तिच्याकडे बघत नव्हत्या, दाराकडे बघत होत्या. "मला वाटलं, सोंग करतेस."

सून छताकडे बघत राहिली. छतावरच्या दिव्यात एक मेलेला किडा होता.

"म्हणून दुपारभर?"

"म्हटलं, एकदा नीट रगडून काढलं की पुन्हा दुखायचं नाही." सासूबाईंचा आवाज चिरला. "मला काय माहीत होतं, पोरी? मला काय माहीत होतं?"

त्यांनी हात पुढे केला आणि तो चादरीवर, तिच्या हाताशेजारी, येऊन थांबला. ती त्या हाताकडे बघत राहिली. जाडजूड अंगठा, कापलेली नखं, भेगांत मुरलेलं तेल. या हाताने आज तिला टॅक्सीत घातलं होतं. आज आली तशी तेव्हा आली असती, तर काय काय वाचलं असतं, हे मोजायला तिला डॉक्टरची गरज नव्हती. राग येईल असं तिला वाटलं, पण राग आला नाही. खूप थंडी वाजायला लागली.

दार उघडलं. नर्सने गाडी आत घेतली आणि सासूबाईंना बाहेरच थांबायची खूण केली. दार मिटलं तरी त्यावरच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं. नर्स चादर सारखी करत म्हणाली, "नळी ठेवायचा प्रयत्न करायचाय, बरोबर? डॉक्टरांनी पुन्हा एकदा विचारून घ्यायला सांगितलंय."

"हो. ठेवायची."

"भूल उतरली की घरचं कुणीतरी शेजारी बसवतो आम्ही."

"माझा नवरा येतोय," ती म्हणाली. "तो येईपर्यंत कुणालाही माझ्याजवळ सोडू नका."

नर्सने काचेतून बाहेर पाहिलं. "बाहेर त्या आहेत ना? सासूबाई ना तुमच्या?"

"आहेत," ती म्हणाली.